रेझिस्टर, एलएम३१७ की बक मॉड्यूल? लेझर डायोडचा करंट कशाने सेट करायचा

घरी लेझर ड्रायव्हर (डायोडला ठरलेलाच करंट देणारं सर्किट) बनवायचा तर तीन रस्ते आहेत, नुसता सिरीज रेझिस्टर, एलएम३१७ (रेग्युलेटर चिप) किंवा तयार बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करणारं, करंटची मर्यादा सेट करता येणारं बोर्ड). मी तिन्ही करून बघितलेत आणि त्यात दोन डायोड घालवलेत, एक तर पॉट (फिरवून ओहम बदलायचा रेझिस्टर) फिरवता फिरवता. मेलेला डायोड विझत नाही हं, लेझर न राहता साध्या एलईडीसारखा मिणमिणत राहतो, मग 'एलईडी झाला' म्हणायचं आणि दुसरा आणायचा.

रेझिस्टरचं फार काही नाही. ५ मिलीवॅटचा लाल डायोड, त्यावर साधारण २.२ व्होल्ट पडतात, ५ व्होल्टवर १०० ओहम लावला की २८ मिलीअँपिअर. सप्लाय ५.५ झाला की तेच ३३, म्हणजे सप्लाय हलला की करंट हलला. पॉइंटरपुरतं ठीक.

एलएम३१७ मध्ये हिशोब सोपा, १.२५ भागिले ओहम म्हणजे अँपिअर. फक्त इथे नुसता पॉट लावायचा मोह होतो आणि तिथेच घात होतो, कारण पॉट शून्यावर गेला की चिप दीड अँपिअर किंवा त्याहूनही जास्त सोडून देते आणि डायोड तुम्ही हात काढायच्या आत गेलेला असतो (माझा असाच गेला). म्हणून १० ओहम फिक्स आणि त्याच्या सिरीजमध्ये २५ ओहमचा पॉट, मग कितीही फिरवा, ३६ ते १२५ मिलीअँपिअरच्या बाहेर जात नाही. वायपर (पॉटचा मधला, सरकणारा संपर्क) पॉटच्या एका टोकाला जोडून टाका, घाण बसून तो उचलला गेला तर करंट वाढायच्या ऐवजी कमीच होतो. तोटा एकच, लाल डायोडलासुद्धा सहा-सात व्होल्ट द्यावे लागतात, आणि उरलेले व्होल्ट गरम होण्यात जातात. निळा डायोड १ अँपिअरवर १२ व्होल्टने चालवाल तर चिपवर सहा वॅट, मोठा हीटसिंक लागेल.

तिथे बक मॉड्यूल. गरम कमी होतं, करंटचा पॉट मल्टीटर्न (बरेच फेरे घेणारा) असल्याने हळूहळू सेट होतो. पण आउटपुटला मोठा कपॅसिटर असतो, वायर सैल होऊन परत टेकली की त्यातला सगळा चार्ज डायोडमध्ये, माझा दुसरा डायोड असा गेला. व्होल्टेज डायोडच्या गरजेपेक्षा जेमतेम वर ठेवा, वायर सोल्डर करा, क्लिप नको.

काहीही घ्या, सेटिंग खऱ्या डायोडवर करायचं नाही. लाल डायोडच्या जागी तीन १एन४००७ (साधे रेक्टिफायर डायोड) आणि एक ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, रेझिस्टरवर १०० मिलीव्होल्ट दिसले की १०० मिलीअँपिअर. पॉट कमीत कमी करंटवर ठेवून सुरुवात, मग सप्लाय बंद, कपॅसिटर रेझिस्टरने रिकामा, आणि मगच डायोड. थंड डायोड त्याच करंटला जास्त उजेड देतो, त्यामुळे डेटाशीटचा आकडा गाठायचा हट्ट नको. आणि त्या वेव्हलेंथचा गॉगल, साधा काळा चष्मा नाही.

मला विचाराल तर १२५ मिलीअँपिअरपर्यंत डोळे झाकून (गॉगल घालूनच!) एलएम३१७, निळ्या मोठ्या डायोडला बक.