आठ महिने, जुनी क्रोमोली सायकल आणि 0.2 मिमीचा ताप

वाघबीळच्या पुढं, पन्हाळ्याच्या चढावर आज सीट पुन्हा खाली बसली. तिसऱ्यांदा. गुडघे हनुवटीला लागायला आल्यावर उतरलो आणि ठरवलं, घरी जाऊन लिहायचंच.

सायकल 1990 च्या आसपासची, जपानी, क्रोमोली म्हणजे मिश्र पोलादाच्या फ्रेमची, 26 इंची चाकं. भंगारातून 3,200 ला उचललेली. कॅन्टिलिव्हर ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे), मागं 7 गिअर. थंब शिफ्टर (अंगठ्यानं गिअर बदलायचे खटके) आत ग्रीस वाळून अडकले होते. रॉकेलनं धुतले, तेल सोडलं, खटाखट चालायला लागले. इंडेक्स (ठरलेल्या टप्प्यांनी गिअर बदलणं) बिघडलं तरी फ्रिक्शनवर (टप्प्यांशिवाय, अंदाजानं) टाकून घर गाठता येतं. आठ महिन्यांत गिअरनं एकदाही त्रास दिलेला नाही.

त्रास दिला तो सीटपोस्टनं, म्हणजे सीटखालच्या दांड्यानं. पोस्ट ॲल्युमिनियमचा, फ्रेम स्टीलची, मध्ये ग्रीस नाही आणि वर्षानुवर्षांची ओल. ॲल्युमिनियमचा गंज फुगतो आणि पोस्ट पाचरीसारखा बसतो. चार दिवस तेल सोडलं, उकळतं पाणी ओतलं, पोस्ट व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून आख्खी फ्रेम फिरवून बघितली. ढिम्म. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांनी हॅकसॉचं (लोखंड कापायच्या करवतीचं) पातं आत घालून उभा चर पाडला, तेव्हा कुठं निघाला. दीड तास लागला. "पावणं, एवढ्यात नवी आली असती की वो!" असं म्हणत 400 घेतले. नवी कुठली यायला एवढ्यात!

खरा राग पुढं आहे. फ्रेमच्या ज्या नळीत पोस्ट बसतो तिचं माप 26.8 मिमी. दुकानदारानं 26.6 चा पोस्ट दिला. 650 रुपये. "दोन पॉइंटनं काय होतंय, बोल्ट आवळा." आवळला. क्लॅम्पचे (पोस्ट आवळणाऱ्या पट्टीचे) कान वाकून एकमेकांना टेकले, तरी पोस्ट सरकतोय. परत न्यायला गेलो तर म्हणे वापरलेला माल घेत नाही. जुन्या सायकलीच्या नादाला लागू नका, हे माझं मत.

तीन आठवड्यांनी: वरचं शेवटचं वाक्य मागं घेतो. काकांनी थंड पेयाचा रिकामा डबा कापला, पत्र्याला व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचं साधन) लावला. 0.1 मिमी. पोस्टभोवती एक वेढा म्हणजे दोन्ही बाजू धरून बरोबर 0.2! ग्रीस फासून बसवला, पोस्टवर टेपची खूण केली. त्यानंतर दोनदा पन्हाळा, एकदा जोतिबा. खूण जाग्यावर. चढावर या फ्रेमची चाल लई गोड आहे, हे मला आत्ता कळतंय. इतके दिवस लक्ष सगळं बुडाखाली होतं.

पत्राही ॲल्युमिनियमचाच, त्यामुळं पावसाळ्यात महिन्याला एकदा पोस्ट काढून पुसायचा आणि ग्रीस लावायचं. तेवढं करीन.

650 मात्र सोडलेले नाहीत. शनिवारी दुकानात जातोय, काकांचा व्हर्नियर घेऊन.