नागझिऱ्याचा चौसिंगा आणि मिरिस्साचा छोटा व्हेल: दोन ट्रिपांचा रिव्ह्यू

नागझिऱ्याच्या सफारीला 5 पैकी 5, श्रीलंकेतल्या मिरिस्साच्या व्हेल दाखवणाऱ्या बोटीला 2, आणि दोन्हीकडे मी एकच गोष्ट बघत होतो, वाघ नि ब्लू व्हेल सोडून बारका प्राणी दिसला तर ही माणसं थांबतात का.

पिटेझरी गेटमधून सकाळी जिप्सी आत गेली, थोडं पुढे गाईडदादांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला नि गाडी बंद. मला भेकर वाटलं, पण ते म्हणाले "सर, कपाळ बघा", आणि दुर्बिणीत पुढची दोन शिंगं दिसली, बोटाच्या पेराएवढी, मागची दोन जरा लांब. चौसिंगा! 20 किलोच्या आसपासचं जनावर, भारत नि नेपाळ सोडून कुठेच नाही, शिंगं फक्त नराला. दादांनी लेंड्यांचा ढीगही दाखवला, तो पुन्हापुन्हा त्याच जागी येतो म्हणे. तो स्वतःहून झुडपात जाईपर्यंत कोणी गाडी सुरू केली नाही, हे मला फार आवडलं.

मिरिस्साला समुद्र आरशासारखा होता. दूरवर ओंडका तरंगावा तसं काहीतरी काळपट, पाठीवर छोटा उभा पर, ना फवारा ना उडी. ड्वार्फ स्पर्म व्हेल, व्हेलमधला सगळ्यात छोटा, वाढून वाढून पावणेतीन मीटर. चौसिंग्याच्या दसपट वजनाचा, पण स्वभाव तोच, एकटादुकटा नि बुजरा. घाबरला तर लालसर तपकिरी ढग सोडतो पाण्यात. मी थांबा म्हणेपर्यंत बोटवाल्यांनी ब्लू व्हेलकडे इंजिन सोडलं, आणि तो जागच्या जागी खाली बुडाला. फार वाईट वाटलं मला, पाच मिनिटं इंजिन बंद ठेवायला काय जात होतं?

आणि गंमत बघा, धारवाडला असलेल्या वॉल्टर एलियट या इंग्रज काळातल्या अधिकाऱ्याने 1839 मध्ये दक्षिण मराठा मुलखातल्या प्राण्यांची यादी छापली, दक्षिणेकडच्या चौसिंग्याच्या शास्त्रीय नावापुढे त्याचंच नाव लागतं, आणि रिचर्ड ओवेन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1866 मध्ये या छोट्या व्हेलचं वर्णन केलं तेही एलियटनेच विशाखापट्टणमहून मिळवलेल्या नमुन्यावरून.

नागझिऱ्याला एप्रिल-मे मध्ये जा, चौसिंग्याला पाणी लागतंच, पाणवठ्यापाशी चान्स जास्त. मिरिस्साला पैसे भरायच्या आधीच विचारा, छोटा व्हेल दिसला तर इंजिन बंद करणार का.