स्प्लेंडरचे मागचे शॉकअप : जोडी चांगली, बसवणारा हात त्याहून चांगला

कुंभार्ली घाटातून चिपळूण ते पाटण अशी दर आठवड्याला फेरी करणाऱ्या माझ्या स्प्लेंडर प्लसचे मागचे दोन्ही शॉकअप मी पावसाळ्याच्या तोंडावर बदलून घेतले. आता चार महिन्यांच्या वापरानंतर त्या जोडीविषयी, आणि त्याहून अधिक ती बसवून देणाऱ्या नाक्यावरच्या छोट्या गॅरेजविषयी, सविस्तर लिहावेसे वाटते.

जुन्या जोडीतील उजव्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसू लागला होता, आणि सीट दाबून सोडली की गाडी एकदाच वर येऊन स्थिरावण्याऐवजी दोन-तीन हेलकावे घेत असे. धक्का झेलते ती स्प्रिंग; पण तिची उसळी आवरते ते आतले तेल, आणि सील जाऊन ते गळू लागले की स्प्रिंगला लगाम उरत नाही. त्याआधी एका गॅरेजने केवळ डावी, गळकी बाजू बदलून दिली होती. एक बाजू नवी आणि एक थकलेली असल्यामुळे वळणावर मागचे चाक बाजूला ओढल्यासारखे वाटे. शॉकअप जोडीनेच बदलावेत, हे मला तेव्हा पटले.

या वेळी दुकानात मला गॅसची, थोडी लांब जोडी सुचवण्यात आली. नायट्रोजनच्या दाबामुळे खड्ड्यांच्या रस्त्यावर तेलाला फेस येण्याचे प्रमाण कमी होते, हा तिचा फायदा खरा आहे. परंतु लांबी वाढली की गाडीचा मागचा भाग उचलला जातो, साखळीचा कोन बदलतो आणि डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकू लागते. म्हणून दोन्ही टोकांच्या भोकांमधले अंतर जुन्या शॉकअपशी ताडून मूळ मापाचीच हायड्रॉलिक जोडी १,९०० रुपयांना घेतली.

गॅरेजमधील मेकॅनिकची पद्धत मला फार आवडली. गाडी डबल स्टँडवर घेऊन त्यांनी चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला आणि दोन्ही शॉकअप एकदम न काढता आधी एक बाजू पूर्ण बदलली, कारण दुसरी बाजू तोवर चिमट्याला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला, जागेवर धरून ठेवते आणि नव्या शॉकअपची भोके ओढाताण न करता जुळतात. बोल्ट साफ करून त्यांना ग्रीस लावले, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत बसवले, शिवाय चिमटा दोन्ही हातांनी आडवा हलवून त्याचे बुश, म्हणजे तो ज्यांवर फिरतो त्या नळ्या, झिजलेले नाहीत याची खात्री केली. बुश सैल असतील तर नवे शॉकअप लावूनही गाडी मागून डुलत राहते, आणि दोष मात्र शॉकअपला दिला जातो.

यानंतरचे अर्ध्या तासाचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. स्प्रिंगच्या तळाशी पाच पायऱ्यांची कडी असते. ती वर चढवल्याने स्प्रिंग कडक होते असा सर्रास समज आहे. वास्तविक तिचा कडकपणा तोच राहतो, फक्त आधीपासूनचा दाब वाढतो आणि गाडी वजनाखाली कमी बसते. मेकॅनिकनी चाक अधांतरी असताना एक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंतचे अंतर मोजले, मग मला बसवून पुन्हा मोजले. दुसऱ्या पायरीवर मी एकटा असताना गाडी २५ मिलिमीटर बसली, पत्नी मागे बसल्यावर ४४, आणि चौथ्या पायरीवर दोघांचे मिळून ३४. एकूण हालचालीचा साधारण तिसरा हिस्सा वजनाखाली जावा, उरलेला खड्ड्यांसाठी राहावा, हा त्यांचा हिशेब. दोन्ही बाजू एकाच पायरीवर ठेवण्याबद्दल ते आग्रही होते.

आता घाटातल्या खड्ड्यात मागून येणारा 'ठक्' आवाज थांबला आहे आणि पत्नीची कंबरदुखीची तक्रारही बरीच कमी झाली आहे. मात्र एकट्याने जाताना चौथी पायरी तशीच ठेवली तर गाडी टणक लागते, त्यामुळे कडी दर वेळी फिरवावी लागते. आणि त्यासाठी लागणारा आकडीचा पाना खोक्यात नव्हता, ही या जोडीतली उणीव मला खटकली. तो वेगळा विकत घ्यावा.

मजुरी २५० रुपये झाली. त्यातच मेकॅनिकनी ५०० किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून नट पुन्हा आवळले, साखळीचा ढिलेपणा पाहिला आणि मागची उंची किंचित वाढल्याने खाली गेलेला हेडलाइटचा झोतही सरळ करून दिला.