शेवट असलेल्या मालिका : कोरियन, जपानी, चिनी पडद्यासोबतचे काही महिने

गेले कित्येक महिने रात्रीची जेवणं आवरली की आमच्या घरी कोरियन, जपानी नाहीतर चिनी काहीतरी लागतं. ‘पॅरासाइट’ हा कोरियन चित्रपट आणि ‘स्क्विड गेम’ ही मालिका गाजली तेव्हा तेवढ्यापुरते पाहिले होते. ठरवून, सलग पाहायला लागलो ते अलीकडे. आता बरंच पाहून झालंय, म्हणून मनापासून सांगते. यातल्या चांगल्या मालिका मला देखण्या चेहऱ्यांमुळे किंवा प्रेमकथांमुळे आवडल्या नाहीत. त्यांना शेवट असतो म्हणून आवडल्या. कोरियन मालिका साधारण १६ भागांची, एक भाग तास-सव्वा तासाचा, टीव्हीवर आठवड्याला दोन भाग, म्हणजे दोन महिन्यांत मालिका पूर्ण. बहुतेक वेळा सगळं लेखन एकाच व्यक्तीचं, आणि प्रेक्षक त्या लेखकाच्या नावावर मालिका निवडतात. गोष्ट कुठे नेऊन थांबवायची हे ठाऊक असलेलं माणूस लिहीत असलं की तिसऱ्या भागातलं साधंसं वाक्य चौदाव्या भागात काळजाला हात घालतं. आपल्याकडची रोजची मालिका टीआरपी असेल तोवर चालते, कथा एकाची, संवाद दुसऱ्याचे, मध्येच माणसं बदलतात. तिथे कितीही गुणी लेखक बसवला तरी त्याच्या हातात हे काही उरत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे २०१८ची ‘माय मिस्टर’. लेखन पार्क हे-यंग यांचं, दिग्दर्शन किम वॉन-सोक यांचं. पार्क डोंग-हून हा चाळिशी ओलांडलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर, जुन्या इमारती किती भार सोसतील हे तपासणं त्याचं काम. त्याच्याच ऑफिसात ली जी-आन ही एकवीस वर्षांची तात्पुरती कामगार आहे. अंगावर कर्ज, घरी बोलता-ऐकता न येणारी आजारी आजी. ऑफिसातली कॉफीची पाकिटं खिशात घालून घरी नेणारी मुलगी. डोंग-हूनला नोकरीवरून घालवण्यासाठी ती पैसे घेते आणि त्याच्या फोनवर पाळत ठेवते. मग दिवसरात्र तिच्या कानात त्याचा आवाज असतो. चालताना लागलेला दम, घरी शिरण्याआधीचा सुस्कारा, भावांशी केलेल्या फालतू गप्पा. आपलं कुणी ऐकतंय हे माहीत नसताना माणूस कसा वागतो, हे ती ऐकत राहते. हा माणूस चांगला आहे हे तिला कुणी सांगत नाही, तिला ते ऐकूनच कळतं. एवढ्या एका कल्पनेवर लेखिकेने १६ भाग तोलून धरलेत, आणि मी टीव्हीवर याहून सुंदर रचना पाहिलेली नाही. आजीला पौर्णिमेचा चंद्र पाहायचा असतो म्हणून जी-आन तिला सुपरमार्केटच्या ढकलगाडीत बसवून नेते, तो प्रसंग बघताना आमच्याकडे कुणीच काही बोललं नाही.

दोष आहेत. कंपनीतले वरिष्ठ एकमेकांना पाडायला जे डावपेच खेळतात तो भाग बेतीव आहे. सुरुवातीच्या भागांत जी-आनला होणारी मारहाण पाहवत नाही. मालिका प्रसारित झाली तेव्हा कोरियातही त्यावर टीका झाली होती. दोघांच्या वयातल्या अंतरावरही झाली होती, पण ती मला पटली नाही, कारण हे नातं प्रेमप्रकरणाकडे जातच नाही. डोंग-हून साकारणारे ली सन-ग्युन, म्हणजे ‘पॅरासाइट’मधले श्रीमंत घराचे मालक, डिसेंबर २०२३मध्ये गेले. आता ही मालिका बघताना ते मनात असतंच.

‘रिप्लाय १९८८’ सगळ्या घराने मिळून पाहिली, सासूबाईंसकट. सोलमधल्या सांगमुन-डोंग भागातली एक गल्ली, पाच कुटुंबं, बरोबर वाढलेली पाच मुलं, आणि सोल ऑलिम्पिकचं वर्ष. पहिल्याच भागात प्रत्येक आई आपल्या पोराच्या हाती शेजारी काहीतरी पाठवते आणि संध्याकाळभर ताटं-वाट्या या घरातून त्या घरात फिरत राहतात. चाळीत किंवा वाड्यात राहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. पण मला सर्वांत जास्त भिडला तो दुसरा भाग. आजी वारते, मुलं गावी जातात, आणि बघतात तर मोठी माणसं दारू पितायत, पत्ते खेळतायत, हसतायत. मुलांना ते विचित्र वाटतं. रात्री उशिरा थोरला भाऊ अमेरिकेहून येऊन पोचतो आणि सगळी भावंडं एकमेकांच्या गळ्यात पडून लहान मुलांसारखी रडतात. मोठी माणसं दुःख कुठे ठेवतात, एवढंच लेखिका ली वू-जंग यांना दाखवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी जवळजवळ अख्खा भाग दिलाय. घाई नाही. हेच वैशिष्ट्य पुढे थोडं अंगावरही येतं. भाग २०च असले तरी बरेचसे दीड तासाच्या घरातले, आणि नायिकेने पुढे लग्न कुणाशी केलं हे कोडं शेवटपर्यंत लांबवलंय. माझ्यासाठी ते कोडं नसतं तरी चाललं असतं.

२०२५ची ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’ जेजू बेटावरची. ऑक्सिजनशिवाय समुद्रात बुडी मारून शिंपले गोळा करणाऱ्या बायकांना तिकडे हेन्यो म्हणतात. नायिकेची आई त्यांच्यातली एक. मुलीने आपल्यासारखं समुद्रात उतरू नये ही तिची धडपड सुरुवातीला इतकी जिवंत आहे की तेवढा भाग स्वतंत्र चित्रपट म्हणूनही उभा राहील. योम हे-रान या अभिनेत्रीने त्या आईचं सोनं केलंय. उत्तरार्धात मात्र रडवण्यावर भर फार आहे, संगीत आधीच येऊन सांगतं की आता डोळे पुसा.

बाकी कोरियन मालिकांमध्ये साचेबंद मालही भरपूर आहे. उद्योगपतीचा तुसडा वारस, बालपणीचा अपघात, स्मृती जाणं, आणि जुन्या मालिकांत मुलीचं मनगट धरून तिला ओढत नेणं म्हणजे प्रेम. २००९ची ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’ आज माझ्या मुलीला दाखवायची माझी इच्छा नाही. जाहिरातीही कथेत घुसवलेल्या असतात. ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’मध्ये सबवे या कंपनीचं सँडविच येतं ना, तसं.

जपानी गोष्टींची सवय व्हायला वेळ लागतो, कारण तिथे बोलणं कमी. ‘मिडनाइट डायनर’चा एक भाग जेमतेम २५ मिनिटांचा. मध्यरात्री उघडणारं आणि सकाळी सातला बंद होणारं टोकियोतलं छोटं खाणावळवजा दुकान, गिऱ्हाईक मागेल ते जमलं तर करून देणारा मालक, आणि प्रत्येक भागात एक पदार्थ व एक माणूस. थकलेल्या दिवशी यासारखं दुसरं काही नाही. पण जपानी दिग्दर्शकांमध्ये माझा जीव जडलाय तो हिरोकाझू कोरे-एदा यांच्यावर. त्यांच्या ‘शॉपलिफ्टर्स’ या चित्रपटाला २०१८मध्ये कान महोत्सवाचा पाम दॉर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्यामुळे तो जास्त माहीत असतो. माझ्या मते २००८चा ‘स्टिल वॉकिंग’ त्याहून मोठा आहे. थोरल्या मुलाच्या पुण्यतिथीला कुटुंब जमतं. एका बुडणाऱ्या पोराला वाचवताना तो गेलेला असतो. आई मक्याची तेंपुरा, म्हणजे जपानी भजी, तळते, सगळे हसतात, खातात. ते वाचलेलं पोरही दरवर्षी येतं, आता लठ्ठ, ओशाळलेलं. त्याला आता बोलावणं थांबवूया असं धाकटा मुलगा म्हणतो, तेव्हा आई विणता विणता शांतपणे सांगते की त्याला वर्षातून एकदा तरी यातना व्हाव्यात म्हणूनच बोलावते. आई साकारणाऱ्या किकी किरिन यांनी ते आवाज न चढवता म्हटलंय. प्रेमळ आजीच्या आत हे असू शकतं, हे आपल्या पडद्यावर सहसा कुणी दाखवू देत नाही.

चिनी मालिकांची खरी अडचण लांबीची. राजवाड्यातल्या राण्यांची ‘स्टोरी ऑफ यानशी पॅलेस’ ७० भागांची, ती मी मध्येच सोडली. ‘निर्वाणा इन फायर’ ५४ भागांची, पण ती पुरी केली आणि पुन्हाही बघेन. तिच्यातलं दरबारी राजकारण इतकं नीट विणलेलं आहे की एकही भाग गाळता येत नाही. फक्त सुरुवातीला नावं लिहून ठेवा. कलाकारांचे आवाज कित्येकदा चिनीतही डबिंग कलाकारांचेच असतात, त्याचा थोडा कोरडेपणा जाणवतो.

‘द लाँग सीझन’ (२०२३) मात्र अवघी १२ भागांची, आणि यंदा पाहिलेल्यांत ‘माय मिस्टर’च्या शेजारी बसणारी एकमेव. ईशान्य चीनमधलं पोलाद कारखान्याचं गाव. वांग श्यांग हा कारखान्याचा रेल्वे इंजिनचालक, कामाचा जबर अभिमान असलेला. नव्वदच्या दशकाअखेर सरकारी कारखान्यांत कपात होते, लाखो कामगार घरी बसतात, त्याच सुमारास गावात एक भयंकर खून होतो. २०१६मध्ये हाच माणूस टॅक्सी चालवतोय आणि जुना तपास अजून त्याला सोडत नाही. खून कुणी केला यापेक्षा कारखाना बंद पडल्यावर माणसाच्या ताठ मानेचं काय होतं, ही खरी गोष्ट आहे. माझे सासरे गिरणी कामगार होते. १९८२च्या संपाबद्दल ते घरात फारसं बोलत नसत, असं नवरा सांगतो. ही मालिका बघताना तो बराच वेळ त्यांच्याबद्दल बोलला. फान वेई यांचा वांग श्यांग त्याला कारणीभूत.

आता थोडं पाहण्याच्या सोयीबद्दल. हिंदी डबिंग अनेक मालिकांना मिळतं, सासूबाईंसाठी आम्ही तेच लावतो. हलक्याफुलक्या मालिकांना ते चालून जातं. ‘माय मिस्टर’ डब करून पाहू नका. जिथे सुस्काऱ्यावर कथा उभी आहे तिथे दुसऱ्याचा सुस्कारा चालत नाही. एक मालिका आम्ही अर्ध्यावर असताना ॲपवरून अचानक गायब झाली, हक्कांची मुदत संपली म्हणे. तेव्हापासून एखादी मालिका ‘लवकरच जाणार’ अशा यादीत दिसली की आधी तीच संपवतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने एका संध्याकाळी ‘स्टिल वॉकिंग’ पाहावा, घरात ज्येष्ठ असतील तर ‘रिप्लाय १९८८’ लावावी, पहिले दोन भाग तरी. सबटायटल वाचायचा कंटाळा हे कारण मी मैत्रिणींकडून ऐकते, ते आठवड्याभरात निघून जातं. सासूबाईंना मात्र इंग्रजी वाचता येत नाही आणि डब केलेलं त्यांना पोकळ वाटतं. आम्ही पाहिलेल्या एकाही मालिकेला मराठी सबटायटल नव्हती. ती मिळणार असतील तर महिन्याचे चार पैसे जास्त द्यायची माझी तयारी आहे, आणि पहिली मालिका कुठली लावायची हे सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलंय : ‘द लाँग सीझन’.