ड्रमवर कोण होते? प्रभात रस्त्यावरील एका श्रवणसत्राविषयी

जुन्या मैफलीचा विषय निघाला की गायक काय गायले हे विचारण्याआधी तबल्याला कोण होते हे विचारणारा एक तरी माणूस बैठकीत असतो. पुण्यात अशी माणसे निदान दोन असतात आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. प्रभात रस्त्याच्या एका गल्लीतील बंगल्यात, तळमजल्यावरच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी जे श्रवणसत्र भरते, ते बहुधा याच मंडळींसाठी योजलेले असावे. गेल्या सत्राचा विषय होता रोलिंग स्टोन्स या इंग्लंडमधील रॉक बँडची पहिली जाहीर मैफल. शुल्क ६०० रुपये, वेळ सकाळी १० ते १२.३० आणि खुर्च्या मोजून १२. यजमान निवृत्त अभियंता असून सगळे त्यांना काका म्हणतात. आपले नाव कोठेही छापले जाऊ नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे मीही काका एवढेच लिहितो.

ज्याविषयी वाद नाही तो भाग काकांनी पहिल्या दहा मिनिटांत उरकला, आणि ते योग्यच झाले. तारीख १२ जुलै १९६२, वार गुरुवार, स्थळ लंडनमधील १६५, ऑक्सफर्ड स्ट्रीट येथील तळघरात असलेला मार्की क्लब. तेथे दर गुरुवारी ॲलेक्सिस कॉर्नर यांच्या ब्लूज इनकॉर्पोरेटेड या संचाचा कार्यक्रम होत असे. त्या गुरुवारी या संचाला बीबीसीच्या जॅझ क्लब या कार्यक्रमाचे बोलावणे आले. परंतु बीबीसी सहाच वादकांचे मानधन देणार असल्यामुळे संचाबरोबर अधूनमधून गाणारा मिक जॅगर वगळला गेला. मार्कीतील रिकाम्या झालेल्या संध्याकाळी गायक लाँग जॉन बाल्ड्री यांच्या जोडीला जॅगर आणि त्याचे मित्र उभे राहिले. जगातील सर्वांत प्रसिद्ध बँडांपैकी एकाची सुरुवात अशी दुसऱ्याच्या रजेच्या दिवशी, बदली म्हणून झाली.

त्यानंतर प्रत्येकाच्या हाती एक झेरॉक्स देण्यात आली, आणि सत्राला खरी सुरुवात झाली ती येथून. जॅझ न्यूज या साप्ताहिकाच्या ११ जुलै १९६२ च्या अंकातील ती छोटीशी बातमी होती. जॅगर उद्या मार्कीत आपला संच घेऊन येत आहे, लोक आम्हाला रॉक अँड रोलवाले समजणार नाहीत अशी त्याला आशा आहे, आणि संचात गायनाला जॅगर, गिटारवर कीथ रिचर्ड्स व एल्मो लुइस, बेसवर डिक टेलर, पियानोवर स्टू आणि ड्रमवर मिक ॲव्हरी आहेत, असा तिचा आशय. एल्मो लुइस म्हणजे ब्रायन जोन्स. एल्मोर जेम्स या गिटारवादकावरील भक्तीपोटी त्याने घेतलेले हे टोपणनाव आहे, आणि त्यातील लुइस हे त्याच्या जन्मनावातीलच आहे. स्टू म्हणजे इयन स्टुअर्ट, ज्याला पुढच्याच वर्षी व्यवस्थापकाने अधिकृत संचातून बाजूला केले आणि तरीही जो १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत बँडबरोबर पियानो वाजवीत राहिला. इतकी नावे जुळतात. अडते ते शेवटच्या नावापाशी.

पुढे किंक्स या बँडचा ड्रमवादक म्हणून नावारूपाला आलेल्या मिक ॲव्हरीने आपण त्या रात्री वाजवलेच नाही असे सांगितले आहे. सोहोमधील ब्रिकलेयर्स आर्म्स या पबात आपण त्यांच्याबरोबर सराव केला, तेवढाच आपला संबंध, असे त्याचे म्हणणे. दुसरे नाव घेतले जाते ते टोनी चॅपमनचे, जो १९६२ च्या उत्तरार्धात या संचात ड्रम वाजवीत होता आणि ज्याच्या ओळखीने बेसवादक बिल वायमन बँडमध्ये आला. पुस्तकांतही कोठे ॲव्हरी तर कोठे चॅपमन असे आढळते.

येथे काकांनी जे केले त्यासाठी मी या सत्राची शिफारस करतो. त्यांनी उत्तर सांगितले नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या या गावात शोभेल असा प्रश्न विचारला. हातात असलेला कागद अस्सल आणि समकालीन आहे, पण तो कशाचा पुरावा आहे? बातमी ११ तारखेची, मैफल १२ ची. म्हणजे कोण वाजवणार होते एवढेच तो सांगतो. कोण वाजवून गेले हे सांगणे त्याला शक्यच नाही. लग्नपत्रिकेत नाव छापले म्हणून मामा मांडवात हजर होते असे कोणी म्हणत नाही. उलट बाजूला ॲव्हरीची आठवण ही कैक वर्षांनंतरची, म्हणजे बखरीच्या जातीची. परंतु बखरकार सहसा आपल्या घराण्याकडे श्रेय ओढतो आणि हा माणूस आपल्या खात्यावर आयते जमा झालेले श्रेय परत करतो आहे. स्वतःच्या लाभाविरुद्ध दिलेल्या साक्षीला अधिक वजन द्यावे काय, यावर आमच्या खोलीत पाऊण तास चर्चा झाली. मागच्या रांगेतील एक वकीलबाई त्यात सर्वांपेक्षा सरस ठरल्या.

नावाच्या उगमाची गोष्ट त्या मानाने सर्वांना ठाऊक असते. जॅझ न्यूजला दूरध्वनी करताना संचाचे नाव विचारले गेले आणि ब्रायन जोन्सची नजर जमिनीवर पडलेल्या, मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या तबकडीवर गेली, अशी ती गोष्ट कीथ रिचर्ड्सने सांगितलेली आहे. काकांकडे मडी वॉटर्सचा १९५८ चा निवडक गीतांचा संग्रह आहे. त्यांनी त्याचे वेष्टन फिरवले आणि १९५० मध्ये ध्वनिमुद्रित झालेले ‘रोलिन स्टोन’ हे गीत नेमके कितवे आहे हे आम्हालाच शोधायला लावले. पहिल्या बाजूवरचे पाचवे. गोष्ट खरी की रचलेली हे त्यातून ठरत नाही, पण ऐकीव माहिती वस्तूशी ताडून पाहण्याची सवय लागते.

यानंतर मुळात ही मैफल पहिली मानावी काय, हा वाद निघाला. बिल वायमन डिसेंबर १९६२ मध्ये आला आणि बँडचा पुढचा कायमचा ड्रमवादक चार्ली वॉट्स जानेवारी १९६३ मध्ये. बँडने १२ जुलै २०१२ रोजी पन्नाशी साजरी करण्यासाठी मार्कीच्या दर्शनी भागाची प्रतिकृती उभारून छायाचित्र काढले खरे, पण त्याच वर्षी रिचर्ड्सने आपण १९६३ पासूनच मोजत आलो आहोत, कारण चार्ली तेव्हा आला, असे सांगितले होते. २०१७ साली सार्वजनिक गणेशोत्सवाच्या १२५ व्या वर्षावरून, आणि सुरुवात १८९२ ची धरावी की पुढची यावरून जो वाद पेटला होता तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. काकांनी तो उल्लेख केला मात्र आणि खोलीतील तापमान जरा वाढले; त्यांनी लगेच चहा मागवला. (चहा उत्तम, बिस्किटे नरम पडलेली.)

ऐकण्याचा भाग चाळीस मिनिटांचा होता. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण नाही. काय वाजले त्याची यादी इयन स्टुअर्टच्या टिपणांतून आली आहे. तेव्हा काकांनी त्या यादीतील गीतांच्या मूळ तबकड्या लावल्या, म्हणजे जिमी रीड, एल्मोर जेम्स आणि एडी टेलर. एडी टेलरचे १९५५ मधील ‘राइड एम ऑन डाउन’ संपताच त्यांनी तेच गीत स्टोन्सच्या २०१६ च्या संग्रहातून ऐकवले. पहिल्या रात्री वाजवलेले गीत त्याच गायकाने सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा गायलेले ऐकताना मैफलीच्या सर्वांत जवळ गेल्यासारखे वाटले. स्पीकर मोठे नाहीत, परंतु खोलीच्या आकाराला साजेसे आहेत आणि आवाज कोठेही फाटत नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर या बँडला ऐकलेले एक गृहस्थ शेजारी होते. ते डोळे मिटून मांडीवर ठेका धरून होते आणि पूर्ण सत्रात एकही शब्द बोलले नाहीत.

आता तक्रारी. झेरॉक्सची प्रत इतकी फिकट होती की तारीख वाचण्यासाठी ती खिडकीशी न्यावी लागली. ज्या सत्राचा सगळा डोलारा एका तारखेवर उभा आहे तेथे हे चालू नये. मजकूर इंग्रजीत होता आणि मराठी भाषांतर काकांनी तोंडी, भराभर केले. अर्धे पान टंकून दिले असते तर मागच्या रांगेची सोय झाली असती. सर्वांत मोठी तक्रार मात्र शेवटच्या दहा मिनिटांविषयी आहे. दोन तास संयमाने पुरावा तोलल्यावर काकांनी एकाएकी ड्रमवर चॅपमनच होता असा निवाडा दिला. ॲव्हरी नव्हता असे मानण्यास सबळ आधार आहे हे मलाही पटते; पण एक नव्हता म्हणून दुसरा होताच हे कोणत्या कागदावरून ठरले? मी तसे विचारले. काका म्हणाले, “मग कोण होतं, तुम्ही सांगा.” हे उत्तर नव्हे, आणि ते त्यांनाही ठाऊक असावे, कारण त्यांनी घाईने तबकडी पुसायला घेतली.

तरीही ६०० रुपयांत अडीच तास अशा दर्जाची चर्चा आणि मूळ तबकड्यांचे श्रवण इतरत्र मिळेल असे मला वाटत नाही. रॉक संगीताची आवड असलीच पाहिजे असे नाही. माझ्या सौभाग्यवतींना ती नाही, आणि सर्वाधिक प्रश्न त्यांनीच विचारले. दुचाकी फाटकाच्या आत लावता येते. चारचाकी आणू नये. आगाऊ कळवल्याशिवाय गेल्यास परत पाठवतात, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी गेल्यासही. निघताना प्रत्येकाला एका चिठ्ठीवर ड्रमवादकाचे नाव लिहून डब्यात टाकायचे असते. त्या दिवशी सात चिठ्ठ्या चॅपमनच्या निघाल्या, दोन ॲव्हरीच्या, आणि तीन कोऱ्या. कोऱ्यांपैकी एक माझी होती. उरलेल्या दोन कोणाच्या हे विचारल्यावर वकीलबाईंनी फक्त पर्स बंद केली.