जीआय बिल हातात आहे, पण कॉलेज कुठलं?

अमेरिकन सैन्यातून बाहेर पडलेल्या दोघांनी मला गेल्या वर्षभरात हाच प्रश्न विचारला. जीआय बिल म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी तिथली सरकारी योजना. एक माझा भाचा, सहा वर्षं पाणबुडीवर अणुभट्टी सांभाळलेला. दुसरा त्याचा मित्र, आर्मीत ट्रक दुरुस्त करणारा. दोघांनाही अणुवीज केंद्रात टेक्निशियन व्हायचं होतं आणि दोघांच्या हातात कॉलेजांची तीच यादी होती. गोंधळ तिथेच झाला होता. एकाला जे कॉलेज योग्य, ते दुसऱ्याला वेळ आणि पैसा दोन्ही बुडवणारं.

आपल्याकडे तारापूरसारख्या ठिकाणी एनपीसीआयएल ही सरकारी अणुवीज कंपनी मुलं निवडते आणि विद्यावेतन देऊन स्वतःच घडवते. अमेरिकेत बहुतेकांना आधी कॉलेज शोधावं लागतं, मग नोकरी. टेक्निशियनसाठी नेहमीची पात्रता म्हणजे दोन वर्षांची असोसिएट पदवी.

आधी भाच्याची गोष्ट. नौदलाच्या न्यूक्लिअर शाखेतली माणसं दक्षिण कॅरोलिनातल्या गूज क्रीकच्या शाळेत शिकतात आणि मग ‘प्रोटोटाइप’ नावाच्या प्रशिक्षणाच्या टप्प्यात सुमारे सहा महिने चालू अणुभट्टीवर राबतात. त्यानंतर जहाजावरची वर्षं वेगळी. अशा माणसाने पुन्हा कम्युनिटी कॉलेजात जाऊन ‘रेडिएशन म्हणजे काय’पासून सुरुवात करणं म्हणजे पोहणाऱ्याला विहिरीच्या पायरीवर बसवणं. बरीच केंद्रं या लोकांना पदवीशिवायही ऑपरेटरच्या कामावर घेतात, आणि पुढे परवान्याची पात्रता ठरवताना नौदलातला अनुभव धरला जातो. म्हणून त्याच्यापुढचा खरा प्रश्न बॅचलर पदवी कुठून पूर्ण करायची एवढाच होता.

इथे दोन नावं सतत येतात: न्यू जर्सीची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आणि न्यूयॉर्कमधल्या अल्बनीची एक्सेलसियर युनिव्हर्सिटी. दोन्हीकडे नौदलाच्या प्रशिक्षणाला भरघोस क्रेडिट मिळतं, म्हणजे ते पदवीच्या अभ्यासात धरलं जातं; दोन्ही अभ्यासक्रम घरबसल्या होतात आणि दोन्ही पदव्यांना एबेट या तांत्रिक अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे. मोठा फरक पैशाचा. एडिसन सरकारी आहे, एक्सेलसियर खाजगी. खाजगी विद्यापीठासाठी जीआय बिल वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंतच फी भरतं. उरलेला फरक तुमच्या जुन्या क्रेडिट्समधली कोण किती घेतं यावर ठरतो, म्हणून दोघांकडूनही मूल्यमापन मागवा. एक सावधगिरी: ही पदवी ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ची आहे, ‘इंजिनिअरिंग’ची नाही. केंद्रात काम करायला काही अडत नाही. पण पुढे न्यूक्लिअर इंजिनिअरिंगमध्ये एमएस करायचं डोक्यात असेल, तर नेहमीच्या विद्यापीठाचा लांबचा रस्ताच बरा.

मित्राची गोष्ट उलटी. हात चालतात, शिस्त आहे, पण अणुभट्टी फक्त चित्रात पाहिलेली. त्याला मी एकच सांगितलं: केंद्राच्या फाटकाजवळचं कॉलेज शोध.

ऑगस्टा टेक्निकल कॉलेज घ्या. जॉर्जियातलं व्होग्टल केंद्र त्याच परिसरात आहे. तिथली तिसरी अणुभट्टी २०२३मध्ये आणि चौथी २०२४मध्ये व्यावसायिक उत्पादनात आली. सव्हाना नदीपलीकडे एकेन टेक्निकल कॉलेजात रेडिएशन प्रोटेक्शन शिकवतात, आणि जवळच सव्हाना रिव्हर साइट हे ऊर्जा खात्याचं अणुकामाचं अवाढव्य आवार. फोर्ट गॉर्डन छावणी ऑगस्टाला लागूनच, त्यामुळे वर्गात माजी सैनिक म्हणून तुम्ही एकटे पडणार नाही.

पश्चिमेला आयडाहो स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिच्या मागे आयडाहो नॅशनल लॅबोरेटरी ही अणुसंशोधनाची सरकारी प्रयोगशाळा उभी. ज्याला वीज केंद्रापेक्षा प्रयोगशाळेतलं काम खुणावतं, त्याने तिकडे बघावं. थंडी मात्र कडाक्याची.

आणि मग बिस्मार्क स्टेट कॉलेज, नॉर्थ डकोटा. न्यूक्लिअर पॉवर टेक्नॉलॉजीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी हे नाव पुष्कळदा कानावर येतं. गंमत अशी की त्या राज्यात एकही अणुवीज केंद्र नाही! शिकवणं वाईट म्हणायचं नाही मला. नोकरी करता करता शिकणाऱ्याला, किंवा केंद्रात आधीच चिकटलेल्याला ते सोयीचंच आहे. पण नवख्याला पुस्तकापेक्षा ओळख लागते. केंद्रातले लोक वर्गात येऊन बोलतात, उन्हाळ्यात इंटर्नशिप देतात, मग मुलाखतीत चेहरा ओळखीचा निघतो. हे लॅपटॉपवरून होत नाही.

शिवाय ऑनलाइनचा फटका खिशालाही बसतो, आणि हे बऱ्याच जणांना प्रवेश घेतल्यावर कळतं. ९/११नंतरच्या जीआय बिलात ३६ महिन्यांचा लाभ आहे. किमान ३६ महिने सक्रिय सेवा झाली असेल तर तो पूर्ण शंभर टक्के मिळतो. वर्गात बसून शिकलात तर घरभाडे भत्ता कॉलेजच्या ठिकाणाप्रमाणे, कुटुंब असलेल्या ई-५ हुद्द्याच्या (आर्मीत सार्जंट) सैनिकाला मिळतो तेवढा. सगळं ऑनलाइन केलंत तर राष्ट्रीय सरासरीच्या निम्माच, म्हणजे महिन्याला अकराशे-बाराशे डॉलर. त्यात भाडं भागवून दाखवा! पळवाट आहे, तीही कायदेशीर: सत्रात एक तरी विषय प्रत्यक्ष वर्गात घेतला की पूर्ण दर लागू होतो. अभ्यासाचा भार अर्धा किंवा त्याहून कमी घेतलात तर भत्ता बंद. दोन सत्रांमधल्या सुट्टीतही तो मिळत नाही, तेव्हा डिसेंबरसाठी आधीच पैसे बाजूला ठेवा.

आता क्रेडिटची मेख. कॉलेजं अभिमानाने सांगतात, ‘सैन्यातल्या प्रशिक्षणाची तीस क्रेडिट देऊ.’ विचारायचं ते एवढंच: ती सक्तीच्या विषयांत लागतात की ऐच्छिक रकान्यात जाऊन पडतात? गरजेपेक्षा जास्तीच्या ऐच्छिक क्रेडिट्सनी पदवीचा एक महिनाही कमी होत नाही. एका कॉलेजने भाच्याला असाच ढीग दिला होता आणि गणित-भौतिकशास्त्र पुन्हा करायला लावलं. उत्तर लेखी घ्या, तेही जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्स्क्रिप्ट (सैन्यातल्या प्रशिक्षणाची अधिकृत नोंद) पाठवल्यानंतरच. पदवीला न लागणाऱ्या विषयाची फी जीआय बिल भरत नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसरा प्रश्न अभ्यासक्रमाच्या दर्जाचा. उद्योगाने आखलेल्या न्यूक्लिअर युनिफॉर्म करिक्युलमखाली कॉलेज येतं का, हे विचारा. त्यात ठरलेल्या विषयांत किमान ८० टक्के मिळवलेत तर वेगळं प्रमाणपत्र मिळतं, आणि नोकरीला लागल्यावर सुरुवातीच्या प्रशिक्षणाचा काही भाग टळू शकतो.

तिसरा रस्ता कॉलेजचा नाहीच. केंद्रं दर १८ किंवा २४ महिन्यांनी इंधन बदलायला थांबतात. त्या आउटेजसाठी कंत्राटदार कनिष्ठ रेडिएशन टेक्निशियन घेतात. या मोटेलातून त्या मोटेलात, बारा-बारा तासांच्या पाळ्या. एकट्या जीवाला जमतं, लेकुरवाळ्याला नाही. पण काम आवडतंय का, हे दोन वर्षं अभ्यास करण्याआधीच कळतं.

कॉलेज कुठलंही घ्या, केंद्राच्या फाटकातून आत सोडण्याआधी पार्श्वभूमीची तपासणी, मानसिक चाचणी आणि अमली पदार्थांची चाचणी होते. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी इथे नियम केंद्र सरकारचे. मित्र सध्या ऑगस्टाला भाड्याचं घर बघतोय. भाच्याने एडिसनला ट्रान्स्क्रिप्ट पाठवलीय, मूल्यमापन अजून यायचंय.