एसी बंद न करता घाट चढायचा असेल तर: छोटी स्पोर्टी गाडी घ्यावी की साधी?

कुंभार्ली घाट पोफळीकडून चढताना माझ्या डाव्या हाताला अकरा वर्षं एक सवय होती. पुढे ट्रक आहे, वळणापलीकडचा रस्ता मोकळा दिसतोय, की हात आधी एसीच्या बटणावर जायचा आणि मग गिअरवर. एसी बंद, तिसऱ्याचा दुसरा, पाय पूर्ण खाली, ट्रक मागे पडला की एसी पुन्हा चालू. मे महिना, मागे आई आणि दोन मुलं, डिकीत गुहागरहून आणलेल्या आंब्याच्या पेट्या. घाटमाथा येईपर्यंत हे दहा-बारा वेळा व्हायचं. आईने कधी तक्रार केली नाही, पण पदराने वारा घ्यायला लागली की मला आरशात दिसायचं.

त्या गाडीचं नाव घेत नाही, कारण दोष एका कंपनीचा नव्हता. १.२ लिटरचं, टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन आणि पाच माणसं सामानासकट, हे गणित चढावर असंच सुटतं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. सपाटीवर तो जी ताकद खातो ती जाणवत नाही, चढावर ओव्हरटेक करताना मात्र नेमकी तेवढीच कमी पडते. बऱ्याच नव्या गाड्यांत पाय पूर्ण दाबला की कॉम्प्रेसर काही क्षण आपोआप सुटतो, पण पूर्ण दाबल्यावरच. घाटात बहुतेक वेळा पाऊण पायावर काम असतं.

म्हणून २०२४ च्या दिवाळीआधी गाडी बदलायचं ठरलं तेव्हा माझा प्रश्न ‘स्पोर्टी गाडी घ्यावी का’ हा नव्हताच. मला फक्त तो हात बटणाकडे जायला नको होता. स्पोर्टी गाडीपर्यंत मी त्या वाटेने पोहोचलो.

समोर तीन नव्या गाड्या होत्या: मारुतीची नवी स्विफ्ट, टाटाची अल्ट्रोझ रेसर आणि ह्युंदाईची आय-२० एन लाइन. चौथी म्हणजे जुन्या गाड्यांच्या बाजारातली फोक्सवॅगनची पोलो, तिच्याबद्दल पुढे. फीचर्सच्या याद्या तुम्ही पाहिल्या असतीलच, त्यामुळे त्या इथे देत नाही.

आधी स्विफ्टबद्दल, कारण बहुतेकांसाठी खरी तुलना तिच्याशीच आहे. स्विफ्ट २००५ साली इथे आली तेव्हापासून ‘चालवायला मजा येणारी छोटी गाडी’ म्हटलं की आपल्याकडे तिचंच नाव निघतं आणि ते योग्यच आहे. २०२४ च्या गाडीचं वजन सव्वानऊशे किलोच्या आसपास आहे. शहरात ती इतकी चटकन वळते की रस्ता रिकामा असल्यासारखा वाटतो. कराडच्या बाजारपेठेत फिरवून पाहिली तेव्हा, खरं सांगतो, मी तिथेच चेक लिहायला तयार होतो. ॲव्हरेज उत्तम, क्लच हलका, सर्व्हिस सेंटर जवळपास प्रत्येक तालुक्यात.

मग तिला कराडजवळच्या आगाशिव डोंगराच्या पायथ्याच्या चढावर नेलं. आम्ही चौघं, एसी दोनवर. हात पुन्हा बटणाकडे गेला.

कारण कागदावर स्वच्छ दिसतं. या स्विफ्टचं इंजिन ११२ एनएमच्या आसपास टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, देतं, पण तो पूर्ण मिळतो ४३०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). म्हणजे इंजिन ओरडायला लागल्यावर. एन लाइनचा १७२ एनएम टॉर्क १५०० आरपीएमपासून हाताशी असतो, रेसरचा १७० एनएम १७५० पासून. भरलेली गाडी चढावर खेचायची तर लागतो टॉर्क, आणि तोही खालच्या आरपीएमवर. उंचीवर हा फरक वाढतो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत साध्या इंजिनाची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. टर्बो हवा कोंबून आत ढकलतो, त्यामुळे ती घट बरीचशी भरून निघते.

जपानमध्ये आणि युरोपात १.४ लिटर टर्बोची स्विफ्ट स्पोर्ट विकली गेली, आपल्याकडे ती कधीच आली नाही. आपल्या करात चार मीटर लांबी आणि पेट्रोलसाठी १२०० सीसी ही रेघ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आतल्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे आणि बाहेरच्या गाडीला ४०. त्यामुळे आपल्याकडे परवडणारी ‘स्पोर्टी’ गाडी म्हणजे १ किंवा १.२ लिटरचं छोटं इंजिन आणि त्याला जोडलेला टर्बो. २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून १४५ पीएसची (पीएस म्हणजे जवळपास अश्वशक्तीच) फियाटची अबार्थ पुंटो निघाली होती. तिचं इंजिन १.४ लिटरचं, म्हणजे रेघेच्या बाहेरचं. तेव्हा दहा लाखांच्या आत ती मिळत होती आणि मी घेतली नाही, ही चुटपुट अजून आहे.

रेसर आणि एन लाइन यांच्यातला निर्णय अवघड होता. दोन्ही १२० पीएसच्या. अल्ट्रोझ आपल्या पुण्याची गाडी, साध्या अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत २०२० साली पाच तारे मिळालेले. तिचे दरवाजे जवळजवळ नव्वद अंशांत उघडतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याची किंमत विचारा. आई तिच्यात ज्या सहजतेने बसली तशी दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसली नाही. डिकी ३४५ लिटरची, एन लाइनची ३११. पुढच्या सीटमधून गार हवाही येते. त्या काळात किमतही एन लाइनपेक्षा बरीच कमी होती. घरच्यांचं मत तिलाच होतं.

माझं मत एका वळणावर बदललं. डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक उलटं, म्हणजे हेअरपिन वळण आहे. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पंधरा-वीसच्या वेगावर येते आणि आरपीएम १५०० च्या जवळपास उतरतात. छोट्या टर्बो इंजिनांची सगळी अडचण इथेच असते. धूर पुरेशा जोराने बाहेर पडत नाही तोवर टर्बाइन फिरत नाही, आणि ते फिरत नाही तोवर तुमच्याकडे एक लिटरचं साधं इंजिनच असतं. एन लाइन त्या वळणातून दुसऱ्या गिअरमध्येच उठली. किंचित थांबली, पण उठली. रेसरला मला पहिला गिअर द्यावासा वाटला. कागदावर फरक २५० आरपीएमचा आहे. ती टेस्ट ड्राइव्हची एकच गाडी होती आणि माझ्या पायाची सवयही जुन्या गाडीची. तुम्हाला कदाचित हा फरक जाणवणारही नाही. मला जाणवला आणि घाट माझ्या वाटेवर वर्षातून आठ वेळा येतो.

एन लाइन घेतली. गिअरबॉक्स मॅन्युअल.

मॅन्युअलबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शोरूममध्ये ऑटोमॅटिकची गळ घालतातच. ही गाडी आधी, २०२१ मध्ये, क्लच पेडल नसलेल्या आयएमटीसह आली होती. २०२३ पासून तिच्या जागी साधा सहा गिअरचा मॅन्युअल मिळू लागला. दुसरा पर्याय सात गिअरचा ड्युअल-क्लच, म्हणजे दोन क्लच असलेली ऑटोमॅटिक. मोकळ्या रस्त्यावर ड्युअल-क्लचसारखं सुख नाही, गिअर कधी बदलला ते कळतही नाही. पण या वर्गातल्या ड्युअल-क्लच आतून क्लचच असतात. चढावरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने सरकत राहिली की ते घासत राहतात, तापतात. माझ्या एका स्नेह्यांच्या, वेगळ्या कंपनीच्या, ड्युअल-क्लच गाडीने खंबाटकीच्या जॅममध्ये गिअरबॉक्स तापल्याची सूचना दिली आणि त्यांना मुलाबाळांसह बाजूला थांबून राहावं लागलं. रोजचा रस्ता पुण्यातला असेल आणि डावा पाय दुखत असेल तर ऑटोमॅटिक जरूर बघा. वर्षातून दोनदा तरी सुट्टीच्या दिवशी घाटातल्या रांगेत सापडणार असाल तर मॅन्युअल बरी.

जुनी पोलो घ्यावी का, असं मला तिघांनी विचारलंय. प्रश्न रास्त आहे. चाकणच्या कारखान्यात बनलेली आणि २०१० पासून २०२२ पर्यंत विकली गेलेली ही गाडी ज्याने चालवली तो अजून तिची आठवण काढतो. दार बंद होतानाचा तो जड आवाज नव्या गाड्यांत दुर्मिळ झालाय. घ्यायचीच असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय, म्हणजे एक लिटर टर्बोची, बघा, ११० पीएसची. तिची ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरची आहे, म्हणजे घासणाऱ्या क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारी, ती ट्रॅफिकमध्ये जास्त निवांत. पण मागची सीट अरुंद. आईला मागे बसवणार असाल तर माझ्या मते तिथेच उत्तर मिळतं.

आता एन लाइनचे उणे. सस्पेन्शन कडक आहे, कंपनीने ते मुद्दाम तसं ठेवलंय. पाटणच्या पुढे जिथे डांबर उखडलेलं असतं तिथे मागच्यांना धक्के बसतात. आता आईसाठी मी मागे एक पातळ उशी कायम ठेवतो. टायर सोळा इंची आणि बाजूने पातळ, म्हणजे खड्डा सोसायला रबर कमी. पहिल्याच पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं, टायरला फुगा आला आणि नवा घ्यावा लागला. तेव्हापासून पावसाळ्यात साठच्या वर जात नाही.

ॲव्हरेज शहरात बारा-तेरा, लांबच्या प्रवासात सतरा. पाय जड असेल तर दहासुद्धा दाखवते. स्विफ्टवाले मित्र बावीस सांगतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. मी वर्षाला आठ-नऊ हजार फिरतो, मला तो सोसतो. उलट बाजूला एक छोटी गोष्ट लक्षात येत नाही: विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्यात १००० सीसीची पायरी असते. एन लाइनचं इंजिन ९९८ सीसीचं, त्यामुळे २०२२ च्या दरांप्रमाणे वर्षाला २०९४ रुपये. स्विफ्ट आणि रेसर वरच्या पायरीत, ३४१६ रुपये.

चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, स्विफ्ट आणि रेसरला मागे ड्रम. घाट उतरताना मी तरीही दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो, पण पायाखाली भरवसा वाटतो.

ऊस तोडणीच्या दिवसांत पाटण ते कराड रस्त्यावर एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागे दिवा नाही, उसाचे शेंडे रस्त्यावर पसरलेले. अशा जोडीला ओलांडायचं म्हणजे लांबलचक अंतर उजव्या बाजूने काढायचं. जुन्या गाडीत मी मागे लागलेली रांग वाढू द्यायचो आणि दोन किलोमीटर तसाच जायचो. आता तिसऱ्या गिअरमध्ये ४० वर असतानाच गाडी उचलते आणि उजव्या बाजूला घालवायचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आलाय, असं मला वाटतं. मी घड्याळ लावलेलं नाही. बायको आता डॅशबोर्ड धरत नाही, एवढं सांगू शकतो. ‘स्पोर्टी’ हा शब्द ऐकून घरात जी भीती असते, की हा आता गाडी पळवणार, तिला माझं हेच उत्तर असतं.

तेव्हा घरात दोघंच असाल, रस्ता सपाट असेल, सोलापूर-पंढरपूरकडचा किंवा गावातल्या गावातला, तर स्विफ्ट घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या टायरवर घाला. वयस्कर माणूस रोज चढणार-उतरणार असेल तर अल्ट्रोझचे दरवाजे विसरू नका. कोकण आणि देश यांच्यामध्ये भरल्या गाडीने ये-जा असेल तर माझा कल तुम्हाला कळलाच आहे.

टेस्ट ड्राइव्हला मात्र एकटे जाऊ नका. सेल्समन धरून चौघं बसा, एसी दोनवर ठेवा आणि शोरूमसमोरच्या सपाट रस्त्याऐवजी जवळचा चढ मागा. तिसऱ्या गिअरमध्ये ३५ वर या आणि पाऊण पाय दाबा. मग एका उलट्या वळणातून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उठवून बघा. चढावर न्यायला नाही म्हणाले तर दुसऱ्या गावच्या शोरूममध्ये विचारा. मला साताऱ्याला जावं लागलं होतं.